माझं काही नाही बाई

नगरहून पुण्याला आलो तेव्हा घर, शाळा, गॅस, कामवाल्या मावशी हे सगळं यथावकाश मिळालं. मंडळी, म्हणजे दर रविवारी जायचं आपलं चर्च, तेवढी काही मिळेना. पुण्यात चर्चची वानवा आहे असं नाही. कॅम्पात रिक्षावाल्याला नुसतं "चर्चपाशी सोडा" म्हटलं, तर तो "कुठल्या?" म्हणून उलट आपल्यालाच झापतो. अडचण अशी, की आमच्या घरात माणसं चार आणि अटी चाळीस. ह्यांना गाडी लावायला जागा हवी. चिरंजीवांना उपासनेनंतर काहीतरी खायला हवं. मला उपदेश आटोपशीर हवा. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, "माझं काही नाही बाई, देवाचं वचन कानावर पडलं की झालं." ज्यांचं काही नसतं, त्यांच्यापासून सावध राहावं.

१९७० साली नागपुरात सहा पंथ एकत्र आले आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यामुळे आता सगळे एकच, असं कागदावर आहे. गुडघ्यांपर्यंत ही बातमी अजून पोचलेली नाही. आम्ही अमेरिकन मराठी मिशनच्या वळणाचे. प्रार्थनेला बसल्या जागी मान खाली घालायची. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायच्या विधीला, भाकर आणि इवल्या पेल्यांचा ट्रे बाकापर्यंत येतो. सुरुवातीलाच गेलो ते देवालय मूळचं अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या वळणाचं, गुडघे टेकणारं. तिथे प्रभुभोजनाला एकेक बाक उठून वेदीकडे जाऊ लागलं. सासूबाई डोक्यावर पदर घेऊन, डोळे मिटून ट्रेची वाट बघत बसल्या. आमचं बाक उठलं तरी ढिम्म. आतल्या बाजूची माणसं "सॉरी मावशी" म्हणत त्यांचे गुडघे ओलांडून गेली, तेव्हा त्यांनी एक डोळा उघडून मला विचारलं, "हे सगळे घरी निघाले की काय?" शेवटी चर्चचा कारभार बघणाऱ्या एका पंचांनी त्यांना हाताला धरून पुढे नेलं. त्या गुडघे टेकून बसल्या खऱ्या, पण उठवायला आणखी दोन पंच लागले.

पंच हौद भागातल्या पवित्र नाम देवालयातही जाऊन आलो. इमारत १८८५ची. बाहेर पडल्यावर टपरीवर चहा घेताना ह्यांच्या अंगात इतिहास संचारला. १८९० मध्ये इथल्याच मिशनमध्ये टिळक-रानड्यांसारखी मंडळी चहा प्याली आणि पुण्यात ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, माजलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली, वगैरे. चिरंजीवांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सोबत बिस्किटं होती का?" होती म्हणतात.

एकदा वेळेचा घोळ झाला. त्या देवालयात इंग्रजी, मराठी, तमिळ अशा पाठोपाठ उपासना होत्या आणि ट्रॅफिकने आम्हाला अचूक तमिळमध्ये नेऊन सोडलं. मधूनच उठायचं कसं, म्हणून शेवटपर्यंत बसलो. बाहेर आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "उपदेश छान झाला." इतक्या रविवारांत त्यांना आवडलेला हा एकच उपदेश. मराठीत कसं, शब्द कळतात, त्यामुळे चुका काढता येतात. शिवाय मराठीत पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, "आता शेवटचा मुद्दा" म्हणतात आणि आपण आशेने चपला चाचपतो. त्या शेवटच्या मुद्द्याला तीन पोटमुद्दे असतात.

गाण्यांचं दुखणं वेगळंच. 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक तेच, नंबर तोच, पण चाल दर ठिकाणी निराळी. सासूबाई आपल्या नगरच्या चालीवर ठाम. पेटीवाल्याने एकदा वळून पाहिलं, दोनदा पाहिलं आणि तिसऱ्या कडव्याला त्यानेच शरणागती पत्करली.

पण खरा घाम फुटायचा तो 'नवीन पाहुण्यांनी उभं राहावं' या सूचनेला. आपल्याला वाटतं, आपण चर्च बघायला आलोय. प्रत्यक्षात बघण्याचा कार्यक्रम आपला असतो आणि पोह्यांच्या बशाही आपल्याच हातात. टाळ्या झाल्या की दारात घेराव. "आडनाव काय? साळवे? म्हणजे कुठले, राहुरीचे की वडाळा मिशनचे? मिशन हॉस्पिटलात नर्स होत्या त्या साळवेबाई तुमच्या कोण?" कोणीच नव्हत्या. पण पाचव्या मिनिटाला त्या ह्यांच्या चुलत आत्या निघाल्या आणि त्यांनी कुणाचे तरी उसने घेतलेले पैसेही निघाले.

टायरच्या दुकानावर एक हॉल होता, तिथेही गेलो. ड्रम, कीबोर्ड, भिंतीवर प्रोजेक्टर. पास्टर सुटाबुटात. "शेजाऱ्याकडे वळा आणि म्हणा, तू आशीर्वादित आहेस." ह्यांनी नाइलाजाने माझ्याकडे वळून ते म्हटलं. लग्नानंतर प्रथमच. आम्ही घरी पोचायच्या आत व्हॉट्सॲपच्या चार ग्रुपांत आमची भरती झाली होती.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. प्रत्येक ठिकाणी सासूबाई दारात पाळकांना बाजूला घेऊन हळूच काहीतरी विचारायच्या. मला वाटायचं, प्रार्थनेसाठी विनंती असेल. एकदा मी मुद्दाम मागे रेंगाळले.

"साहेब, आपलं कब्रस्तान कुठे आहे? जागा आहे का?"

मग सासूबाईंच्या एकेका नकाराचा उलगडा झाला. एके ठिकाणी जागा संपलेली, जुन्या कबरीतच घरच्यांना ठेवतात. आमचं पुण्यात जुनं कोणी नाही, म्हणजे तो दरवाजा बंद. दुसरीकडे कब्रस्तान शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. "एवढ्या लांब कोण येणार गं माझ्या मयताला?" टायरवरच्या पास्टरांनी तर डोक्यावर हात ठेवून "आई, तुम्ही शंभर वर्षं जगणार!" असं गर्जून सांगितलं. हे उत्तर नव्हे, हे सासूबाईंनी ताबडतोब ओळखलं.

मागच्या महिन्यात एका साध्याशा मंडळीत गेलो. पार्किंग नाही, खायला नाही, उपदेश पाऊण तासाचा. पाळक तरुण होते. प्रश्न ऐकून ते दचकले नाहीत. म्हणाले, "जागा आहे, मावशी. भिंतीकडेला, लिंबाखाली. फक्त नगरच्या मंडळीचा दाखला आणा आणि आमच्याकडे सभासदत्वाला एक वर्ष पूर्ण व्हायला लागतं."

रिक्षात बसल्याबसल्या सासूबाईंनी निकाल जाहीर केला. दाखल्यासाठी नगरला फोनही त्यांनीच लावला. ह्यांनी पार्किंगचा विषय काढून पाहिला, तर म्हणाल्या, "तू बघ बाबा तुझं. मला आता वर्षभर काही होत नाही."