मागच्या ड्रममध्ये हवा मारू नका! त्या व्हायरल मेसेजमधलं खोटं आणि अर्धवट

"जुन्या गाडीचे मागचे ब्रेक शू घरच्या घरी अर्ध्या तासात बदला" असा एक लांबलचक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. परवा तो माझ्या पुतण्यानंच मला पाठवला, खाली लिहिलेलं, "काका, रविवारी हेच करतोय, कॉम्प्रेसरची पण सोय झालीय". त्याला फोन करून थांबवलं, पण हा मेसेज अजून किती जणांच्या फोनमध्ये पडलाय कोण जाणे, म्हणून सगळ्यांसाठीच लिहितो.

मेसेजमध्ये काय आहे ते थोडक्यात: ड्रम (चाकाबरोबर फिरणारं भांडं, शू आतून त्याला दाबले की ब्रेक लागतो) काढा आणि आत जोरात हवा मारून साफ करा. शू सगळे सारखेच असतात, कुठलाही कुठंही लावा. स्प्रिंगा कधी खराब होत नाहीत, सैल वाटली तर एक वेढा कापून नवीन हुक वळवा. तेल लागलेला शू पेट्रोलनं धुऊन वरून जाळून घ्या. हँडब्रेक धरत नसेल तर केबल आवळा. आणि शेवटी दिलासा, की मागचे ब्रेक तसेही नावालाच असतात.

सगळ्यात आधी ती हवा, कारण बाकीच्या चुकांनी ब्रेक बिघडेल, हिनं माणूस बिघडतो. जुन्या गाड्यांच्या लायनिंगमध्ये, म्हणजे शूवरच्या ड्रमला घासणाऱ्या थरात, सर्रास ॲस्बेस्टॉस (एक तंतुमय खनिज) असायचा. ब्रेक मारला की लायनिंग थोडं थोडं घासतं, आणि ड्रम चहूबाजूंनी बंद असल्यामुळं ती करडी-काळी भुकटी वर्षानुवर्षं आतच साठून राहते. त्यावर कॉम्प्रेसरची हवा मारली की ती सगळी भुकटी तुमच्या तोंडासमोर उडणार, कारण तुम्ही चाकाजवळच उकिडवे बसलेले असता. ॲस्बेस्टॉसचे तंतू डोळ्याला दिसत नाहीत, हवेत तासन्‌तास तरंगतात, कपड्यांना चिकटून घरात येतात. आयएआरसी ही कॅन्सरवर संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था ॲस्बेस्टॉसला गट 1 मध्ये टाकते, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींमध्ये. आणि त्यातला मेसोथेलिओमा, म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर, तर तंतू आत गेल्यावर कित्येक दशकांनी उपटतो, त्यामुळं "आमचे उस्ताद आयुष्यभर हवाच मारत आले, त्यांना काय झालं" हे मला कुणी ऐकवू नका.

एक गोष्ट मान्य करतो, कारण खरी आहे: ब्रेकच्या उष्णतेनं त्या भुकटीतला बराचसा ॲस्बेस्टॉस बदलून दुसरंच खनिज होऊन जातो. बराचसा, सगळा नाही. आणि ही सूट नवीन लायनिंगला मुळीच लागू होत नाही! जुन्या स्टॉकमधले, डब्यातून कधीच न काढलेले शू मिळाले की लोक खूश होतात आणि कडा मारायला पॉलिश पेपर घेऊन बसतात, तो तर न तापलेला, न बदललेला कच्चा ॲस्बेस्टॉस, त्याची पूड करणं सगळ्यात वाईट. ब्रिटनमध्ये 1999 मध्ये बंदी आली, अमेरिकेत बाजारात सुटे मिळणाऱ्या ब्रेक लायनिंगवरची बंदी थेट 2024 च्या नियमात आली. त्यामुळं शू कधीचा आणि कुठला हे नक्की माहीत नसेल तर ॲस्बेस्टॉस आहे असंच धरून चालायचं.

मग साफ कसं करायचं? यासाठी अंदाजपंचे काही करायची गरज नाही. अमेरिकेतल्या ओशा या कामगार सुरक्षा खात्याच्या ॲस्बेस्टॉसच्या नियमात, 1910.1001 मध्ये, परिशिष्ट एफ खास ब्रेक आणि क्लचच्या कामासाठी आहे. उडणारी धूळ पकडणारी व्यवस्था जोडलेली नसेल तर हवेनं ॲस्बेस्टॉस साफ करायचा नाही, असं हा नियम स्पष्ट सांगतो. आठवड्याला ब्रेकच्या 5 पेक्षा जास्त जोड्या होत नाहीत अशा छोट्या जागेसाठी त्यात साधी ओली पद्धत दिलीय, पाण्याचा बारीक फवारा मारून सगळं भिजवायचं आणि फडक्यानं पुसून घ्यायचं, कोरडा ब्रश चालणार नाही. घरी गाडी खोलणाऱ्यालाही एवढंच पुरतं. स्प्रेच्या बाटलीत पाणी, त्यात किंचित भांड्यांचा साबण, ड्रम थोडा सुटला की फटीतून आत फवारा, मग पूर्ण काढून परत फवारा. जोराची धार नको, ती पण उडवतेच. फडकं ओलं असतानाच पिशवीत घालून तोंड बांधा, धुऊन परत वापरू नका. घरातला व्हॅक्युम क्लीनरही नको, त्याच्या साध्या फिल्टरमधून हे तंतू पार होतात. अंगातले कपडे झटकू नका, वेगळे धुवा.

आता स्प्रिंगा. "कधी खराब होत नाहीत" हे वाचून खरंच डोकं सणकलं. रिटर्न स्प्रिंगचं काम एकच, पाय उचलला की शू ड्रमपासून मागे ओढणं. ती वर्षानुवर्षं ड्रमच्या भट्टीत ताणलेली बसलेली असते, तिचा जोर कमी होणारच. मग शू पूर्ण मागे येत नाही, ड्रमला चाटत राहतो, त्यानं आणखी उष्णता, त्यानं स्प्रिंग आणखी ढिली. लायनिंग काचेसारखं चकचकीत होतं, आणि फार तापलं तर व्हील सिलिंडरमधलं (पेडल दाबलं की शूंना बाहेर ढकलणारा भाग) ब्रेक ऑइलसुद्धा उकळतं. डॉट 3 या दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उकळबिंदू नवीन असताना कमीत कमी 205 अंश सेल्सिअस असावा लागतो, पाणी शोषलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा 140 वर येते. जुन्या गाडीत बरेचदा हे दुसऱ्या प्रकारचंच ऑइल असतं.

स्प्रिंग काढून हातात घ्या आणि उजेडात धरा. सुटी असताना तिचे वेढे एकमेकांना घट्ट चिकटलेले पाहिजेत. मध्ये कुठं फट दिसली, निळसर झाक दिसली, हुकच्या आतल्या बाजूला घासून खाच पडलेली दिसली, तर ती टाकून द्या. वेढा कापायचा तर प्रश्नच नाही. कापल्यावर स्प्रिंग आखूड आणि कडक होते, म्हणजे एका शूवर ओढ वेगळी आणि दुसऱ्यावर वेगळी, आणि नवीन हुक वळवताना तार जिथं वाकते तिथूनच ती पुढं कधीतरी तुटते. तुटलेला तुकडा फिरत्या ड्रमच्या आत! नवीन शू घेताना स्प्रिंगांचा सेट पण नवीन घ्या, पूर्ण कामात सगळ्यात कमी खर्च त्याचाच असतो.

बसवताना कुठली स्प्रिंग कुठल्या भोकात, आणि हुक शूच्या पुढून की मागून, हे खोलायच्या आधी बघून ठेवा. काही गाड्यांत स्प्रिंग शू आणि बॅकप्लेटच्या (शूंच्या मागचा न फिरणारा पत्रा) मध्ये जाते, ती पुढून लावली तर हबला घासते. एका वेळी एकच बाजू खोला, म्हणजे दुसरी बघायला राहते, फक्त ती आरशातल्यासारखी उलटी आहे हे विसरू नका. व्हील सिलिंडरला रबर बँड किंवा तार गुंडाळा, आणि ड्रम निघालेला असताना पेडलला कुणी पाय लावायचा नाही, पिस्टन बाहेर येतील. डोळ्यांना गॉगल लावा, स्क्रू ड्रायव्हरवरून सटकलेली स्प्रिंग सरळ तोंडावर येते.

शू सगळे सारखे? बिलकुल नाही. ड्रम फिरताना एका शूला स्वतःबरोबर आत ओढतो, तो लीडिंग शू, तो जास्त जोरात धरतो. दुसऱ्याला ड्रम ढकलून देतो, तो ट्रेलिंग. बऱ्याच अमेरिकन गाड्यांमधल्या ड्युओ-सर्वो प्रकारात तर पुढच्या शूचं लायनिंग आखूड आणि मागच्याचं लांब असतं, अदलाबदल केली की ब्रेकचा सगळा तोल जातो. स्टारव्हीलवाले ॲडजस्टरसुद्धा (दात्यांचं चाक फिरवून शू आणि ड्रममधलं अंतर जुळवणारे) डावे-उजवे वेगळे असतात, त्यांचे आटे उलटे असतात, बाजू बदलली की आपोआप घट्ट व्हायच्या ऐवजी ते सैल होत जातात.

"मागचे ब्रेक नावालाच" यात अर्धं खरं आहे, ब्रेक मारल्यावर वजन पुढं जातं आणि जास्तीचं काम पुढची चाकं करतात, हे कबूल. पण म्हणूनच मागचं चाक हलकं होतं आणि लवकर लॉक होतं. पुढची चाकं लॉक झाली तर गाडी सरळ घसरते, मागची आधी लॉक झाली तर मागचा भाग पुढं यायला बघतो आणि गाडी गर्रकन फिरते. आणि उतारावर उभी गाडी थोपवणारा हँडब्रेक बहुतेक जुन्या गाड्यांत याच शूंवर असतो ना?

तेलाचा शू: लायनिंग सच्छिद्र असतं, तेल आत मुरतं, वरून धुतलं किंवा जाळलं तरी पहिल्या चार जोरदार ब्रेकांत आतलं परत वर येतं. त्यात ॲस्बेस्टॉस आणि पेट्रोल आणि ज्योत एकत्र, याच्यावर अजून काय बोलणार. दोन्ही बाजूंचे शू बदला, एकाच बाजूचे नाही, आणि आधी गळती शोधा. ब्रेक ऑइल असेल तर पाण्यात मिसळून जातं, म्हणजे व्हील सिलिंडर. मिसळत नसेल आणि गिअर ऑइलचा उग्र गंधकासारखा वास येत असेल, तर ॲक्सलचं सील.

राहिला हँडब्रेक. केबल आवळून शू ॲडजस्ट करणं म्हणजे उलटं काम. केबल ताणलेली असली की आतला लिव्हर आधीच थोडा ओढलेला राहतो, शू आपल्या जागेवर टेकत नाहीत आणि ॲडजस्टमेंट खोटी होते. आधी केबल पूर्ण सैल करा. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, कारण हँडब्रेक तर सोडलेलाच आहे, आणि गाडी जॅकवर नाही, स्टँडवर ठेवा. हातानं फिरवायचे ॲडजस्टर असतील तर ड्रम बसवून पेडल दोन-चार वेळा दाबा म्हणजे शू मधोमध बसतील, मग चाक अडेपर्यंत ॲडजस्टर आवळा आणि मोकळं फिरेपर्यंत एकेक खाच मागे घ्या, परत पेडल दाबून परत तपासा. दोन्ही चाकं झाली की मगच केबल. पहिली चक्कर हळू मारा, उतरून दोन्ही ड्रमच्या जवळ हात नेऊन बघा, टेकवू नका. एक दुसऱ्यापेक्षा बराच जास्त तापला असेल तर त्या बाजूचा शू चाटतोय, तो ड्रम परत काढा.