तळ्यात, मळ्यात

मोटारबोट पळू लागली की तिच्यामागे दोन्ही बाजूंना लाटेचा एकेक बांध उठतो. त्याला म्हणायचं ‘वेक’. दोन बांधांमधलं पाणी म्हणजे तळं, पलीकडचं काचेसारखं गुळगुळीत पाणी म्हणजे मळा. वॉटर स्कीवर, म्हणजे बोटीच्या दोरीला धरून पाण्यावर घसरायच्या पायातल्या फळ्यांवर, नुसतं उभं राहायला मला तीन शनिवार लागले. चौथ्या शनिवारी तेरा वर्षांच्या लेकीने फर्मान काढलं, "बाबा, आता वेक ओलांड. मग उडी."

हा छळ मूळचा इथलाच, अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या पेपिन सरोवराचा. १९२२ साली राल्फ सॅम्युएलसन नावाच्या अठरा वर्षांच्या पोराने आईच्या तांब्याच्या भांड्यात फळ्यांची टोकं उकळून वाकवली आणि त्यावर उभा राहून तो या पाण्यावरून घसरत गेला. आमच्या आईने पहिल्या फळीलाच भांडं काढून घेतलं असतं आणि पुढचा सगळा अनर्थ टळला असता.

बोट साडूंची, स्टिअरिंगवरही तेच. मागे लक्ष ठेवायला बायको. म्हणजे माझं पडणं पुढच्या पिढ्यांपर्यंत तपशीलवार पोचणार, ही काळजी मिटली.

लेकीची शिकवण सोपी होती: गुडघे वाकव, हात सरळ, दोरी ओढू नकोस. पण मी गावच्या विहिरीवर पोहरा ओढून मोठा झालेला माणूस. हातात दोरी आली की ओढायची, हे अंगात मुरलेलं. लाट समोर येताच मी हँडल छातीशी ओढलं. दोरी क्षणभर ढिली पडली, मग बोटीने ती वसूल केली. पडलो. "ठीक आहे" हे सांगायला दोन्ही हात डोक्यावर जोडायचे असतात.

"अहो, सूर्याला अर्घ्य नंतर द्या!" बायको ओरडली.

दुसऱ्या खेपेला लाटेच्या माथ्यावर विचार केला. करू नये. डावा पाय मळ्यात गेला, उजवा तळ्यात राहिला, आणि दोघांनी परस्पर वेगळं बिऱ्हाड थाटलं.

तिसऱ्या खेपेला भीतीने अंगठा खाली केला, म्हणजे बोट हळू करा. साडूंनी वेग कमी केला आणि लाट खुजी व्हायच्या ऐवजी चांगली मांडीएवढी झाली. बोट जरा हळू झाली की तिचं बूड पाण्यात बसतं आणि मागची लाट फुगते, हे ज्ञान मला नाकातून पाणी काढताना मिळालं.

शेवटी लेकीच्या सांगण्यावरून लाटेकडे बघायचंच सोडलं. पलीकडच्या काठावरच्या एका झाडावर नजर लावली, स्की कडेवर तिरप्या केल्या आणि धडक मारली. माथ्यावर गुडघे आपोआप सरळ झाले, पोटात गोळा आला, पाण्याचा आवाज थांबला. उडालो! खाली आलो तो मळ्यात, आणि उभा!

बोटीत येताच व्हिडिओ मागितला. चित्र थांबवून, मोठं करून दाखवलं, "ही बघ, पापड सरकेल एवढी फट!"

लेकीने डोळे बारीक केले.

"बाबा, तो फेस आहे."