अग्निशमन केंद्राला गाडी मिळते, माणसे मिळत नाहीत

नगरपरिषदेच्या हद्दीत राहणाऱ्या प्रत्येकाने घरपट्टीची पावती एकदा नीट वाचावी. शिक्षण कर, रोजगार हमी कर, वृक्ष कर या ओळींच्या आसपास बऱ्याच ठिकाणी ‘अग्निशमन कर’ अशीही एक ओळ असते. रक्कम किरकोळ असल्यामुळे तिच्याकडे कोणी फारसे पाहत नाही. परंतु ती ओळ असणे याचा अर्थ आपण या सेवेसाठी पैसे भरतो, आणि त्या पैशातून गावात काय उभे राहिले हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. हा विषय मी बराच काळ जवळून पाहत आलो आहे. महाराष्ट्रातील लहान शहरांच्या आणि त्यांच्या भोवतालच्या खेड्यांच्या अग्निशमन सेवेचे घोडे गाडीच्या खरेदीपाशी अडलेले नसून पगाराच्या तरतुदीपाशी अडलेले आहे, आणि हा पगार राज्य सरकारने स्वतःकडे घेतल्याखेरीज ते पुढे सरकणार नाही, असे माझे ठाम मत झाले आहे.

७४ व्या घटनादुरुस्तीने संविधानाला बारावी अनुसूची जोडली आणि तीत नगरपालिकांकडे सोपवायच्या विषयांमध्ये अग्निशमन सेवेचा समावेश झाला. महाराष्ट्रात ही सेवा मुख्यतः स्थानिक स्वराज्य संस्थांकडेच आहे. मुंबई, पुण्यासारख्या महानगरपालिकांना स्वतःचे मोठे दल पोसता येते. तालुक्याच्या गावची नगरपरिषद मात्र जकात गेल्यापासून सरकारच्या सहायक अनुदानावर कशीबशी पगार भागवते, आणि अशा संस्थेने चोवीस तास सज्ज असणारे दल स्वतःच्या उत्पन्नातून ठेवावे अशी आपली अपेक्षा असते. गाडी घेण्यासाठी आणि इमारत बांधण्यासाठी निरनिराळ्या योजनांतून निधी मिळतो. पंधराव्या वित्त आयोगाने अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी व आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटी रुपयांची शिफारस केली, आणि तिच्या आधारे केंद्र सरकारने २०२३ मध्ये राज्यांचा हिस्सा धरून ६,४०० कोटी रुपयांची योजना सुरू केली. ही योजना स्वागतार्हच आहे. पण तिचा भर नवी केंद्रे, साधने आणि प्रशिक्षण यांवर आहे. केंद्र सुरू झाल्यावर दर महिन्याच्या एक तारखेला जो खर्च उभा राहतो, त्याची सोय नगरपरिषदेलाच करावी लागते.

हा खर्च किती असतो याचा हिशेब कोणालाही करता येईल. एका गाडीवर एक चालक, एक प्रमुख आणि चार फायरमन अशी सहाच माणसे धरली, तरी तीन पाळ्यांना अठरा लागतात. साप्ताहिक सुट्ट्या, रजा आणि आजारपण यांसाठी राखीव माणसे धरली की हा आकडा बावीस-तेवीसवर जातो. एवढी पदे मंजूर असलेली आणि मंजूर असून भरलेली नगरपरिषद शोधून पाहावी. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी दोन-चार कायम कर्मचारी आणि बाकीचे ठेकेदारामार्फत घेतलेले तरुण असतात. त्यांचे वेतन वेळेवर होत नाही, विम्याचा पत्ता नसतो, आणि पुष्कळांना पुरेसे प्रशिक्षणही मिळालेले नसते. पुण्याच्या दलात ज्याला तांडेल म्हणतात, तसा अनुभवी माणूस पाळीवर असणे ही तर चैनच समजली जाते. काही ठिकाणी बंबावरचा चालक उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरवरही पाठवला जातो, आणि नेमक्या त्याच महिन्यांत आगीच्या वर्दी सर्वांत जास्त येतात.

माणसे कमी असली म्हणजे काय होते ते मी आमच्याच शिवारात पाहिले आहे. दुपारच्या वाऱ्यात विजेच्या तारा एकमेकींना घासून ठिणग्या पडल्या आणि तोडणीला आलेल्या उसाच्या फडाने पेट घेतला. आमचे गाव ग्रामपंचायतीचे, म्हणजे अग्निशमन दलाच्या दृष्टीने कोणाच्याच हद्दीत नसलेले. तालुक्याला फोन केला तेव्हा बंब केंद्रात उभा होता. पण त्या पाळीला चालक आणि एकच फायरमन हजर होता, शिवाय हद्दीबाहेर गाडी काढण्यासाठी वरिष्ठांची परवानगी घ्यायची होती. दोन माणसांनी आग विझवता येत नाही, हे कधी पाहिले नसेल तर सहज लक्षात येत नाही. एकाला पंपापाशी थांबून दाब सांभाळावा लागतो. नोझल धरणाऱ्याला पाण्याचा दाब मागे रेटत असतो, म्हणून त्याच्या पाठीशी होज, म्हणजे पाण्याची नळी, धरून दुसरा उभा राहावा लागतो. आणि पाणी संपत आले की पुन्हा कुठल्या विहिरीवरून भरायचे हे पाहायला आणखी कोणीतरी लागतो. शेवटी त्याहून लांबच्या साखर कारखान्याचा बंब आधी पोहोचला. तोवर गावकऱ्यांनी कोयत्यांनी मधला ऊस आडवा करून पट्टा मोकळा केला होता आणि कडेची आग ओल्या गोणपाटांनी झोडपून काढली होती. शेजारचे फड वाचले. ज्यांचा ऊस जळाला त्यांना वजनात घट आली आणि जळीत ऊस म्हणून दरात कपातही सोसावी लागली. त्या एकट्या फायरमनला मी कधीही दोष देणार नाही. त्याला एकट्याला ज्या व्यवस्थेने तिथे बसवले, तिच्याबद्दल मात्र मला आजही संताप येतो.

केंद्रीय गृह मंत्रालयाच्या स्थायी अग्निशमन सल्लागार समितीच्या निकषांप्रमाणे वर्दी मिळाल्यावर शहरी भागात ५ ते ७ मिनिटांत आणि ग्रामीण भागात २० मिनिटांत गाडी पोहोचायला हवी. आपल्या गावापासून सर्वांत जवळचे केंद्र किती अंतरावर आहे आणि मधला रस्ता कसा आहे हे आठवून पाहिले, की त्या वीस मिनिटांचा अर्थ समजतो. त्यात आता गाड्यांच्या वयाचा प्रश्न आला आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी आणि पालिकांच्या वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण बंद झाले. प्रदूषणाचा विचार करता नियम योग्य असेल. परंतु अग्निशमन गाडी एसटीसारखी रोज धावत नाही, वय झाले तरी तिचे किलोमीटर थोडेच भरतात, आणि पर्यायी गाडी हाती येण्याआधी जुनी गाडी बाद झाली तर एकच बंब असलेल्या गावाने करायचे काय, याचा विचार आधी व्हायला हवा होता.

आग विझवणे हे या सेवेचे दिसणारे काम आहे. आग लागू नये म्हणून दवाखाने, शाळा, मंगल कार्यालये आणि गोदामे यांची तपासणी करणे हे तेवढेच महत्त्वाचे काम आहे, आणि माणसे नसली की सर्वांत आधी तेच मागे पडते. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र द्यायचे असते. ते येते की नाही, आणि आले तर खरे आहे की नाही, हे प्रत्यक्ष जाऊन पाहणारा अधिकारी किती नगरपरिषदांकडे आहे? ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अर्भक कक्षात आग लागून १० बालके गेली. कक्षातील १७ पैकी ७ वाचवता आली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारच्या रुग्णालयात आणि नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटले. प्रत्येक वेळी सर्व रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. आदेश पाळले गेले का हे पाहणाऱ्यांची पदे त्या आदेशांबरोबर मंजूर झाली असती, तर त्यांना अर्थ राहिला असता.

राज्याने मनावर घेतले तर अशी सेवा उभी राहते, याचे उदाहरण आपल्या हाताशी आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. तिच्यातही उणिवा आहेत आणि त्यांबद्दल बोलले पाहिजे. तरीही फोन केल्यावर रुग्ण नगरपरिषदेच्या हद्दीत पडला आहे की ग्रामपंचायतीच्या, असे तिथे कोणी विचारत नाही, कारण खर्च राज्य करते. शेजारच्या गोव्यात तर अग्निशमन व आपत्कालीन सेवा हे राज्य सरकारचेच खाते आहे. गोवा लहान आहे हे मान्य, पण केरळनेही ही सेवा राज्याच्या पातळीवरच ठेवली आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. सर्व काही मुंबईहून चालू लागले, तर स्थानिक संस्थांचे अधिकार जातील आणि साध्या नोझलसाठी मंत्रालयात फाइल पाठवावी लागेल. मलाही तसे नको आहे. परंतु जिल्हा परिषदेच्या शाळा जिल्हा परिषदच चालवते आणि शिक्षकांचे वेतन राज्याच्या तिजोरीतून होते, ही व्यवस्था आपल्याकडे कित्येक वर्षे रुळलेली आहे. अग्निशमन केंद्र तसेच नगरपरिषदेकडे राहावे, मंजूर आकृतिबंधाप्रमाणे, म्हणजे ठरवून दिलेल्या पदसंख्येप्रमाणे, माणसांचा पगार राज्याने द्यावा, आणि त्या बदल्यात केंद्राची हद्द नगरपरिषदेपुरती न ठेवता सगळा तालुका ही त्याची हद्द मानावी. मग शेतकऱ्याचा फड पेटला असताना परवानगीसाठी कोणी थांबणार नाही, आणि हद्दीबाहेर गेलेल्या गाडीचा खर्च कोणाकडून घ्यायचा हा प्रश्नही उरणार नाही.

डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांनंतर अनेक नगरपरिषदांत बऱ्याच काळाने लोकांनी निवडून दिलेले सभागृह बसले आहे. आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला एवढे जरूर विचारा: मागील वर्षी अग्निशमन कर आणि अग्निशमन शुल्क मिळून किती जमा झाले, त्यातले या विभागावर किती खर्च झाले, आज रात्रीच्या पाळीला केंद्रात किती माणसे आहेत आणि त्यांपैकी किती जणांचे मागच्या महिन्याचे वेतन झाले आहे. उत्तरे लेखी मागा आणि मिळाल्यावर ती आपल्या आमदारांकडेही पाठवा, कारण वेतनाचा निर्णय विधानसभेतच होऊ शकतो.