पिकअप विकताना 'कुठे चालवणार' एवढं तरी विचारा

आज दुपारपासून माझं डोकं फिरलंय, म्हणून लिहायला बसलेय. लांबण लागणार आहे. पण ज्यांच्या दारात डिझेल पिकअप उभी आहे किंवा जे घ्यायच्या विचारात आहेत, त्यांनी कृपा करून शेवटपर्यंत वाचा.

आमच्या वाड्यावरच्या एका पोराने कर्ज काढून पिकअप घेतली. गोव्यातल्या मांद्रे, आश्वे, मोरजी या पट्ट्यातल्या शॅकना, म्हणजे किनाऱ्यावरच्या खाण्यापिण्याच्या झोपड्यांना, बर्फ, पाण्याच्या बाटल्या, सोड्याचे क्रेट पोचवतो. मेहनती पोर. गाडी पुसल्याशिवाय झोपत नाही. गेले काही महिने डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागायचा, गॅरेजवाला स्कॅनर लावून घालवायचा, परत लागायचा. शेवटी गाडीने जोर धरणंच सोडलं. आज सर्व्हिस सेंटरने हातात कागद दिला: डीपीएफ (काजळीचा फिल्टर) बदला, डिझेल फवारणारे इंजेक्टर काढून तपासा, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) साफ करा. आणि खाली एक ओळ, वॉरंटी लागू नाही, वापर योग्य नाही.

पोर आमच्या पडवीत येऊन बसलं. चहा पुढ्यात गार झाला. त्या ओळीवर बोट ठेवून मला विचारतो, "ताई, मी चालवली म्हणजे नेमकं काय चुकीचं केलं?"

काहीही चुकीचं केलं नाहीस रे बाबा. तुला गाडी विकली त्यांनी तू ती कुठे चालवणार हे विचारलंच नाही.

तर ऐका. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुराचे नवे कडक नियम, लागू झाले. डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून (दहा लाख भागांत पन्नास) १० वर आलं आणि सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर बसला, तोच हा डीपीएफ. तो काजळी धरून ठेवतो आणि भरत आला की आतल्या आत जाळतो. जाळायला सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. गाडी हायवेला सलग वीस-पंचवीस मिनिटं बऱ्या वेगात धावली की ते काम होऊन जातं, चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. पण मांद्रेहून आश्वे ते अंतर कितीसं? इंजिन जेमतेम गरम होतंय तोवर शॅक आला. गाडी बंद, बर्फ उतरव, गाडी सुरू, पुढचा शॅक, परत बंद. काजळी साठत जाते. गाडी आपणहून जास्तीचं डिझेल सोडून ती जाळायला बघते आणि नेमका तेव्हाच हा चावी फिरवून गाडी बंद करतो. न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं.

मी त्याला आज डिपस्टिक काढायला लावली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर. बोटावर घेतलं तर पाण्यासारखं पातळ आणि नाकाशी नेलं तर सरळ डिझेलचा वास. इतके दिवस तो बिचारा खूश होता, आपली गाडी ऑइल अजिबात खात नाही म्हणून! कोणी सांगितलंच नाही त्याला की ऑइल वाढणं हे कमी होण्याइतकंच वाईट. असल्या ऑइलवर टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबतो तो) आणि बेअरिंग किती दिवस काढणार?

आता दादाची गोष्ट. घरचे कंटाळलेत ती ऐकून, तरी सांगणार.

दादाची आधीची पिकअप जुन्या पंपाची होती. बेळगावहून भाजी भरायची, चोर्ला घाट उतरायचा, केरी, साखळी, डिचोली करत उजाडायच्या आत म्हापशाच्या बाजारात. हिशेब मी बघते, बऱ्याचदा सोबतही असायचे. एका रात्री भर पावसात घाटात गाडीने दोन-चार धक्के दिले आणि बंद पडली. मागे कोबी, टोमॅटो, कोथिंबीर. दादाने आधी चाकांना दगड लावले. मग डिझेल फिल्टरच्या बुडाचा नट सैल करून खाली स्टीलचा पेला धरला. आधी पाणी आलं. चक्क पाणी, आणि मागून डिझेल. वाटेत एका पंपावर भरलं होतं, तिथलं. मग वरचा नट सैल करून हातपंप मारायला लागला. फेस आला, बुडबुडे आले, परत बुडबुडे, आणि बऱ्याच वेळाने बुडबुड्यांशिवायची नितळ धार. "आता आवळ," मला म्हणाला, कारण पाना माझ्या हातात होता. सेल्फ मारला, गाडी सुरू. कोथिंबिरीला बाजारही बरा मिळाला त्या दिवशी.

ही गोष्ट सांगितली की लोक लगेच म्हणतात, बघा, जुनं ते सोनं. नाही हो! जुन्या गाड्या काळा धूर ओकायच्या आणि बाजारात बसणाऱ्या आम्हा बायकांच्या नाकात तोच जायचा. बीएस-६ आलं हे बरंच झालं, मान्य. माझं म्हणणं वेगळं आहे. जुनं इंजिन पाणी पिऊनही माफ करायचं. आजच्या कॉमन रेलमध्ये, म्हणजे नव्या इंजिनांच्या डिझेल फवारायच्या पद्धतीत, डिझेल हजार-दीड हजार बारच्या वर (हवेच्या दाबाच्या हजारपटीहून जास्त) दाबून अगदी बारीक भोकांतून फवारलं जातं. त्यात पाणी गेलं की नोझल गेलं, पंप गेला, आणि घाटात पाना घेऊन काही होत नाही. म्हणजे नव्या गाडीला जास्त माहितीचा मालक लागतो. मग ती माहिती द्यायची कोणी? चावी देताना फोटो काढता, हार घालता, पेढे वाटता. फिल्टरमधलं पाणी कुठून सोडायचं ते दाखवायला दोन मिनिटं लागतात हो. आणि पावसाळ्यात टाकी रिकामी ठेवू नको, आत दव धरतं, हे सांगायला तर अर्धं मिनिट.

दादाने जुनी विकून नवी घेतली. आणि ही नवी त्या पोराच्या गाडीचीच जोडीदार, तीच कंपनी, तेच मॉडेल. तोच घाट, तीच भाजी. दादाच्या गाडीला आजवर तो पिवळा दिवा लागलेला नाही. चोर्ला चढताना इंजिन असं तापतं की काजळी राहतच नाही. दोन गाड्या सारख्या, एकीचं वय जास्त, धाव कितीतरी जास्त, आणि ती ठणठणीत. दुसरी लहान वयात खाटेवर. मग यात 'डिझेल आता टिकत नाही' कुठून आलं? टिकतं. त्याला त्याचं काम द्या, टिकतं.

कमेंटमध्ये आता कोणीतरी येणारच, इलेक्ट्रिक घे म्हणून सांगायला. शॅक ते शॅक धंद्याला इलेक्ट्रिक नाहीतर पेट्रोल बरी पडली असती, हे खरंय. पण हे शोरूमच्या टेबलावर बोलायचं होतं. तिथे त्याला काय विचारलं? डाउन पेमेंट किती देतोस, आणि रंग पांढरा चालेल का.

आणि ते 'फिल्टर काढून पोकळ पाइप मारून देतो' म्हणणारे. आज संध्याकाळपर्यंत दोघांनी त्याला हा सल्ला दिला. खबरदार. एक तर ते बेकायदा, वॉरंटीचं उरलंसुरलंही जाईल. आणि ती काजळी जाणार कुठे? शाळा सुटल्यावर त्याच रस्त्याने चालत येणाऱ्या आपल्याच पोरांच्या छातीत. पोरगा अडचणीत आहे म्हणून त्याला खड्ड्यात ढकलू नका.

दादाची एक सवय सांगते. घाट चढून वर पोचला की लगेच चावी फिरवत नाही. मिनिट-दोन मिनिटं इंजिन तसंच चालू ठेवतो. टर्बो लालबुंद तापलेला असतो, इंजिन बंद केलं की त्याला ऑइल पोचायचं थांबतं आणि आत राहिलेलं ऑइल जळून कोळसा होतं. त्या पावसाच्या रात्रीही, गाडी दुरुस्त करून घाईत असताना, म्हापशाला पोचल्यावर हमाल ओरडत होते तरी हा आधी थांबला, मग बंद केली. त्या गाडीत टर्बोची काळजी घ्यायला कोणी शिकवलं नव्हतं त्याला, साखळीच्या एका म्हाताऱ्या मेस्त्रीने सांगितलं होतं आणि याने ऐकलं. तो मेस्त्री आता गॅरेजला येत नाही. ही माणसं कमी झाली आणि त्यांच्या जागी स्कॅनर आला, दिवा घालवणारा.

दुसरं म्हणजे ओझं. घाटातल्या त्या रात्री चाकांना दोन दगड लावून गाडी जागच्या जागी राहिली, कारण दादा पासिंगपेक्षा जास्त माल भरत नाही. व्यापारी चिडतात, चिडू दे. मागचे पाटे (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) वाढवून घेतले की गाडी जास्त ओढते असं वाटतं. पाटे सोसतात, पण चासी, क्लच, ब्रेक यांचं काय? पाटे जिथे अडकवतात त्या हँगरपाशी चासीला तडा गेलेल्या गाड्या मी बाजारात डोळ्यांनी पाहिल्यात, वेल्डिंग मारून परत लाइनीवर.

आणि आमच्या किनाऱ्यावर तर इंजिनाआधी चासी जाते, हे घाटावरच्या लोकांना कळणार नाही. समुद्राची हवा आहेच, वर मासळीच्या बर्फाचं खारट पाणी. हौद्याच्या फटीतून थेंब थेंब चासीवर, पाट्यांवर, ब्रेकच्या पायपांवर. जुनी पिकअप घेत असाल तर इंजिनाचा आवाज ऐकून भुलू नका. खाली वाका, चासीवर हातोडीने हलकं ठोका. खणखणीत वाजली तर ठीक. बद्द आवाज आला आणि तांबडे पापुद्रे हातात आले तर नमस्कार करून घरी या. मासळीची गाडी रोज गोड्या पाण्याने खालून धुतली पाहिजे, आणि १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरबंदीत उभी असते तेव्हा अधूनमधून बाहेर काढून नीट फिरवली पाहिजे. नुसती दारात सुरू करून ठेवली तर काजळीच वाढते. उंदीर तर विचारूच नका, पावसात उबेला बॉनेटखाली शिरतात आणि एक वायर कुरतडली की सेन्सर बंद.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. सर्व्हिस सेंटरमधली पोरंही आपलीच आहेत, वरून सांगितलेलं लिहून देतात. त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण त्या पोराचा हप्ता पाच तारखेला जातो, गाडी उभी असली तरी जातो. त्याची आई दुपारी मला म्हणाली, विकून टाकूया का गं? या अवस्थेत विकली तर काय भाव येणार, आणि मग त्याने करायचं काय? हे मला बघवत नाही.

म्हणून आता कामाचं. पोराला कोणीतरी सांगितलंय की धंद्याची गाडी म्हणजे ग्राहक कायदा लागू नाही. चूक. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तोही ग्राहकच आहे, आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते. त्याच्याकडे सगळी जॉबकार्डं, म्हणजे गाडीच्या कामाच्या नोंदीचे कागद, आहेत, पहिल्यांदा दिवा लागला तेव्हापासूनची. एकाही कार्डावर 'गाडी हायवेला चालवा' असं लिहिलेलं नाही. सगळीकडे एकच शेरा, 'दिवा क्लिअर केला'.

उद्या सकाळी दादा भाजी उतरवून आला की आम्ही तिघं सर्व्हिस सेंटरला जाणार. आधी लेखी उत्तर मागणार, वापर योग्य नाही म्हणजे नेमका कोणता आणि तो विकताना का सांगितला नाही. पेडणे, बार्देशमध्ये आणखी कोणाला हेच कारण देऊन वॉरंटी नाकारली असेल तर मला मेसेज करा आणि जॉबकार्डांच्या झेरॉक्स घेऊन या. एकट्या पोराला उडवून लावतात, दहा जण उभे राहिले तर मॅनेजर खुर्चीतून उठतो.