येत्या रविवारी आवरू

घर आवरायचं ठरवलंत? अभिनंदन. आता उत्साहाच्या भरात उठून कपाट उघडू नका, आधी मुहूर्त बघा. पितृपक्षात नवं काही सुरू करत नाहीत, हे शेंबडं पोरही सांगेल. (घर आवरणं हे नवं काम कसं, असा वाद कुणी घातलाच तर यापूर्वी कधी आवरलं होतं ते विचारा.) घट बसायच्या आधी घर लख्ख हवं हे खरं, पण आधी म्हणजे नेमकं पितृपक्षातच. या पेचातून वाट निघेपर्यंत दसरा उजाडतो. पुढे दिवाळी, त्यात चकल्या तळायच्या की माळा झाडायचा? मग लग्नसराई. मे महिन्यात जीव नकोसा होतो आणि पावसाळ्यात काही वाळत नाही. एवढ्यातूनही एखादा महिना मोकळा सापडलाच, तर दर बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक मास आपल्या मदतीला धावून येतो. २०२३ साली तर अख्खा श्रावणच दोनदा आला. त्या वर्षीही ज्यांनी घर आवरून दाखवलं, त्यांच्याशी मी जपूनच बोलतो.

मुहूर्त निघेपर्यंत हात रिकामे नकोत, म्हणून खरेदी करा. पसारा कमी करायचा तर तो ठेवायला आधी काहीतरी हवंच ना. पारदर्शक डबे, कप्प्याकप्प्यांचे ऑर्गनायझर, साड्यांची झिपवाली कव्हरं. डझनाचा संच घ्या, स्वस्त पडतो. हे सगळं ज्या खोक्यांतून येईल ती खोकी मात्र टाकायची नाहीत. घर बदलताना लागतात. टीव्हीचं खोकं तर टीव्हीपेक्षा जपा. टीव्ही भंगारात गेला तरी थर्माकोलसकट ते माळ्यावर असलं पाहिजे.

आता वर्गीकरण. जाणकार म्हणतात, लागणारं आणि न लागणारं असे दोन ढीग करा. हे जाणकार आपल्या घरात राहत नाहीत. आपल्याकडे ढीग एकच असतो : ‘लागेल कधीतरी’. श्रीखंडाचे रिकामे डबे, आहेराच्या पाकिटांचे न फाटलेले कागद, कधीच निवर्तलेल्या फोनचे चार्जर आणि ज्यात बाकीच्या पिशव्या राहतात ती पिशवी, हे सगळं त्यातच. एखादी वस्तू टाकाविशी वाटली तर खुशाल टाका. दुसऱ्याच दिवशी ती लागेल आणि सासूबाई आठ दिवस काही बोलणार नाहीत. नुसत्या बघतील.

ओटीच्या ब्लाउजपिसांना मात्र स्वतंत्र कप्पा द्या, तो त्यांचा मानच आहे. हे कापड शिवायचं नसतं. ते येतं, कपाटात मुरतं आणि पुढच्या हळदीकुंकवाला बाहेर पडतं. रंग ठरलेले : एक भडक पोपटी, एक विटकरी आणि एक असा, ज्यावर जाणारी साडी अजून विणली गेलेली नाही. शिस्तीचे असाल तर प्रत्येकाला चिठ्ठी लावा, कुणाकडून कधी आलं त्याची. नाहीतर ज्या काकूंनी दिलं त्यांच्याच ओटीत ते परत पडतं. पडलं तरी बिघडत नाही म्हणा. काकू ओळखणार नाहीत, कारण त्यांनाही ते त्यांच्या नणंदेकडून आलेलं असतं आणि घडीसुद्धा त्यांनी मोडलेली नसते.

अगदी काढूनच टाकायचं असेल तर बोहारणीला हाक मारा. मोठा टोप मनात धरून गाठोडं सोडा. ती जिन्यात बैठक मारेल, पँट उजेडाकडे धरेल आणि तुम्हाला कधी न दिसलेल्या भोकातून बोट बाहेर काढून दाखवेल. शर्टाची कॉलर उलटी करून चुकचुकेल. मग टोप मागे सरकवून चाळणी पुढे करेल. “ताई, येवढ्यात काय येतंय? अजून एक साडी टाका, जरीची.” इथे तुमच्यातला लढवय्या जागा होतो. तुम्ही आत जाता, नवऱ्याचा बरा शर्ट आणता, मग आणखी एक. अर्ध्या तासाने एक टोप, वर मागून घेतलेलं झाकण आणि विजयी मुद्रा घेऊन तुम्ही घरात येता. कपड्यांचा एक कप्पा मोकळा झाला. टोप कुठे ठेवायचा ते येत्या रविवारी बघू.

तोवर माळा आहेच. काम हे त्यासाठी दिलेल्या वेळाइतकं फुगतं, असं सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ साली लिहिलं, तेही ब्रिटिश सरकारी खाती पाहून. त्यांना डोंबिवलीतला एखादा माळा दाखवायला हवा होता. तिथे जागा संपते, सामान फुगतच राहतं.

घराचं असं मार्गी लागलं की वेळेकडे वळा. भिंतीवर कालनिर्णय आहे, १९७३ पासून निघतंय. दुधाचे खाडे, गॅस लावल्याची तारीख, कामाच्या मावशींच्या सुट्ट्या आणि संकष्टीचा चंद्रोदय, सगळं एका चौकटीत मावतं. इतकं सोपं असल्यामुळे ते तुमच्या उपयोगाचं नाही. अ‍ॅप घ्या. कामांना रंग द्या : तातडीची लाल, महत्त्वाची पिवळी, बाकीची हिरवी. रंग ठरवण्यात शनिवार जातो आणि शेवटी यादी लालेलाल होते, ती गोष्ट वेगळी. ‘दाताच्या डॉक्टरांची वेळ घेणे’ हे काम दर सोमवारी पुढच्या सोमवारवर न्या. दाढ पडली की आपोआप पूर्ण होतं.

एका इटालियन विद्यार्थ्याने गेल्या शतकात, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून अभ्यासाची पद्धत काढली. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती. तुम्हीही करून बघा. पंचवीस मिनिटांत एकदा दाराची बेल वाजते, एकदा कुकर बोलावतो आणि एकदा “माझा पांढरा सॉक्स कुठंय?” असा पुकारा होतो. पाच मिनिटांची विश्रांती तेवढी काटेकोर पाळा, मोबाइल हातात आला की ती पाऊण तास नीट चालते.

घरच्यांना सामील करून घ्यायला ‘घरची कामं’ नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढा. ‘दळण आणायचंय’ असं टाकलंत की तीन अंगठे येतील. सासरे वर हात जोडलेले पाठवतील. दळण गिरणीतच राहील, पण सगळ्यांना माहीत आहे याचं समाधान मिळेल.

आणि एवढ्यात फोन येईल, “अहो, तुमच्या बिल्डिंगखालीच आहोत.” अशा वेळी वरचं सगळं विसरा. जुनी चादर पसरा. सोफ्यावरचे कपडे, टेबलावरची बिलं, रिमोट, औषधं, अर्धं खाल्लेलं बिस्किटाचं पुडकं आणि तो टोप तिच्यात लोटा, चार टोकांची गाठ मारा, गाठोडं बेडरूममध्ये ढकला, कडी घाला. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर यायच्या आत होतं. पाहुण्या बाई पाणी पिता पिता खोलीभर नजर फिरवतील आणि म्हणतील, “घर किती छान ठेवलंयत हो! कसं जमतं तुम्हाला?”

त्यांना डब्यांची लिंक पाठवा.