काका, विमान ‘कुठल्याही’ रस्त्यावर उतरत नाही

हा व्हिडिओ मला आता चौथ्यांदा आलाय. दोन्ही बाजूंना पाइनचं जंगल, मधून काळाकुळकुळीत सरळसोट रस्ता, आणि झाडांच्या शेंड्यांवरून एक करडं फायटर जेट येऊन धाडकन रस्त्यावर आपटतं. व्हिडिओ खरा आहे, फिनलंडचाच आहे, त्याबद्दल भांडण नाही. भांडण आहे ते खाली चिकटवलेल्या मजकुराशी, आणि यावेळी तो फॅमिली ग्रुपवर काकांनी ‘सर्वांनी वाचावे’ असं लिहून टाकलाय त्यामुळे गप्प बसवेना. मजकूर थोडक्यात असा: फिनलंडमध्ये जेट कुठल्याही हायवेवर उतरतं, म्हणून त्यांना एअरबेस लागतच नाहीत, नाटोत गेल्यावर त्यांनी ही आयडिया काढली, पण हे फक्त त्यांच्या जुन्या हॉर्नेट फायटरला जमतं, त्याच्या जागी नवं अमेरिकन एफ-३५ आलं की खेळ खलास, आणि आपल्याकडे मात्र हायवेवर विमान उतरतं ते फक्त नेत्यांच्या फोटोसाठी.

काका, रागावू नका, पण एकेक घेऊ.

‘कुठल्याही हायवेवर’. नाही हो. ठरावीक तुकडे आहेत, आणि ते तसे मुद्दाम बांधलेत. फिनिश भाषेत त्याला वारालास्कुपाइक्का म्हणतात, म्हणजे राखीव उतरायची जागा. दोनेक किलोमीटर किंवा जास्त सरळ, रुंद केलेला रस्ता, मधे डिव्हायडर नाही, कडेला दिव्याचे खांब नाहीत, आणि टोकाला झाडांच्या आडोशाला विमानं उभी करायला मोकळी जागा, जिथे एरवी ट्रकवाले गाडी लावून चहाकॉफी पीत बसतात. हॉर्नेटचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सव्वाबारा मीटरच्या आसपास. आता आपला मुंबई-पुणे एक्सप्रेसवे डोळ्यासमोर आणा, तो मधला डिव्हायडर, त्या डोक्यावरच्या हिरव्या पाट्या, आणि सांगा कुठे उतरवताय ते.

शिवाय रस्ता आहे म्हणून तो चालतोच असं नाही. जेटच्या टायरमधलं प्रेशर ट्रकच्या टायरच्या दुपटीच्या घरात असतं, सगळा भार तीन जागी येतो, त्यामुळे डांबर आणि खालचा थर तेवढा दणकट पाहिजे. आणि खडे! एखादा सुपारीएवढा खडा इंजिनात ओढला गेला की कोट्यवधींचं इंजिन गेलं. म्हणून आधी झाडणाऱ्या गाड्या फिरतात, मग माणसं मान खाली घालून रस्ताभर चालत जातात, एखादं नट, तारेचा तुकडा, काहीही दिसलं की उचलायचं. आपल्या हायवेवर ट्रकमधून काय काय सांडतं ते आठवा म्हणजे हे काम किती कंटाळवाणं असेल ते कळेल.

२०२२ च्या सप्टेंबरात योउत्साजवळ असा सराव झाला तेव्हा महामार्ग क्रमांक ४, म्हणजे हेलसिंकीहून निघून पार उत्तर टोकाला जाणारा त्यांचा मुख्य रस्ता, त्याचा तो तुकडा काही दिवस बंद ठेवून गाड्या दुसरीकडून वळवल्या होत्या. या सरावाचं नाव बाआना, बोलीतला शब्द आहे, अर्थ साधा, वाट किंवा रस्ता.

‘एअरबेस लागतच नाहीत’. हे तर सगळ्यात उलटं. रोवानिएमी आहे, कुओपिओजवळ रिस्साला आहे, ताम्पेरेजवळ पिर्क्काला आहे, सगळे पक्के, मोठे बेस. मोठी दुरुस्ती, रोजचं ट्रेनिंग सगळं तिथंच. रस्ते आहेत ते लढाईच्या दिवसांसाठी, कारण पक्का बेस कुठे आहे ते शत्रूला शांततेच्या काळापासून माहीत असतं, नकाशावर बोट ठेवून. ५ जून १९६७ ला सकाळी इस्रायलने इजिप्तचे विमानतळ गाठले आणि बरीचशी इजिप्शियन हवाई ताकद हवेत उडायच्या आधीच, ओळीत उभी असताना जळाली. हा धडा जगातल्या सगळ्या हवाई दलांनी वाचला, काहींनी काँक्रीटचे शेल्टर बांधले, फिनलंड-स्वीडनने मात्र विमानं पांगवायची ठरवलं. चार इथे, चार तिथे, आणि उद्या परत दुसरीकडे. रस्त्याला खड्डा पडला तर बुजवता येतो, नाहीतर पुढच्या तुकड्यावर जाता येतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं हवाई दल पहिल्याच दिवशी संपलं नाही त्यामागे हीच पांगापांग होती.

पण इथेच ती गोष्ट येते जी व्हिडिओत कुणी बघत नाही. विमान पांगवणं सोपं, पायलट उडवून नेईल. त्याच्यामागे सगळा लवाजमा पांगवायला लागतो, म्हणजे इंधनाचा टँकर, मिसाइलच्या ट्रॉल्या, फिरते दिवे, रेडिओची गाडी, विमानाच्या हुकला अडकवून ते थांबवायला रस्त्यावर आडवी लावायची तार आणि तिचं मशीन, पहारेकरी, आणि या सगळ्यांची जेवणं. हे सगळं ट्रकवर चढवून रात्रीतून जंगलातल्या दुसऱ्या रस्त्यावर न्यायचं आणि सकाळी विमान आलं की थोड्या वेळात इंधन भरून, हत्यारं लावून परत उडवायचं. फिनलंडची खरी करामत ही आहे, रस्ता नाही. आणि हे करणाऱ्यांत बरीच विशीतली पोरं असतात, सक्तीच्या लष्करी सेवेतली, जी १६५, २५५ किंवा ३४७ दिवसांची असते. काही पोरं विमानाच्या मेकॅनिकच्या हाताखाली शिकतात आणि घरी गेल्यावर राखीव दलात राहतात. ५६ लाखांचा देश, पुणे जिल्ह्याहून कमी माणसं, त्यांना दुसरा मार्गही नाही म्हणा.

‘नाटोत गेल्यावर सुचलं’. नाटोत ते गेले ४ एप्रिल २०२३ ला. रस्त्यावरचे पट्टे १९६० च्या दशकापासूनचे, तेव्हा त्यांच्याकडे मिग-२१ आणि नंतर स्वीडिश ड्राकेन फायटर होती. आणखी मागे जायचं तर १९३९-४० च्या हिवाळ्यात सोव्हिएत हल्ला झाला तेव्हा त्यांची फोकर विमानं चाकांऐवजी स्की लावून गोठलेल्या तळ्यांवरून उडत होती. तळं म्हणजे फुकटचा रनवे, फिनलंडमध्ये तळ्यांना काय तोटा. दुसरी एक मजेची गोष्ट, १९४७ च्या पॅरिस तहाने त्यांच्यावर बंधन होतं की लढाऊ विमानं ६० च्या वर ठेवायची नाहीत. समोर तेराशे किलोमीटरची सोव्हिएत सीमा आणि हातात साठ विमानं, मग एकेक विमान लपवून जपणार नाहीत तर काय करणार? ते बंधन त्यांनी १९९० मध्ये झुगारलं आणि दोनच वर्षांत ऑर्डर दिली ६४ हॉर्नेटची. चार जास्त. मला तरी हा आकडा वाचून हसू आलं होतं.

‘हॉर्नेटलाच जमतं’. यात थोडं तथ्य आहे, म्हणून नीट सांगतो. हॉर्नेट मुळात अमेरिकन नौदलासाठी बनलेलं, विमानवाहू जहाजावर उतरायचं. त्यामुळे पाय भक्कम, मागे हुक. व्हिडिओत ते आपटल्यासारखं उतरतं ना, ते पायलटचं चुकलं म्हणून नाही. एरवी विमान शेवटी नाक वर करून हळुवार टेकतं, हे तसं करतच नाही, ताशी अडीचशेच्या आसपास वेगाने ठरलेल्या जागी सरळ दणका देतं, म्हणजे रस्ता वाया जात नाही. हुकने तार पकडली तर मग फारच कमी जागा लागते. बनवलं समुद्रासाठी, कामाला आलं जंगलात.

पण ‘खेळ खलास’ कसा? २०२३ च्या सप्टेंबरात तेर्वोच्या रस्त्यावर नॉर्वेची एफ-३५ए उतरली आणि उडाली, त्याच सरावात ब्रिटिश टायफून फायटरही उतरली. पुढच्या वर्षी उत्तरेला रानुआजवळ होसिओच्या रस्त्यावर अमेरिकेची एफ-३५ए उतरली. फिनलंडने डिसेंबर २०२१ मध्ये एफ-३५ निवडलं तेव्हा ते रस्त्यावरून चालवायचं हे डोक्यात ठेवूनच निवडलं, परत ६४ च. हां, एफ-३५ चे लाड जास्त, देखभाल नाजूक, ते जंगलात चिखल-बर्फात दिवसेंदिवस सांभाळणं हॉर्नेटइतकं सोपं जाणार नाही असं माझंही मत आहे. पण उतरता येत नाही हे खोटं.

राहिला ‘आपल्याकडे फोटो’. २१ मे २०१५ ला मथुरेजवळ यमुना एक्सप्रेसवेवर हवाई दलाचं मिराज २००० फायटर उतरलं, तेव्हा कुठला नेता आत नव्हता. ऑक्टोबर २०१७ ला आग्रा-लखनौ एक्सप्रेसवेवर सी-१३० या मालवाहू विमानातून हवाई दलाचे गरुड कमांडो उतरले, त्यांनी आधी पट्टी ताब्यात घेतली, मग फायटर आली. सप्टेंबर २०२१ ला राजस्थानात बाडमेरजवळ तीन किलोमीटरची पट्टी सुरू झाली तेव्हा मात्र विमानात राजनाथ सिंह आणि आपले गडकरी बसलेले होते, फोटोही भरपूर आले, हे मान्य. मे २०२५ ला गंगा एक्सप्रेसवेवर शाहजहाँपूरला साडेतीन किलोमीटरच्या पट्टीवर दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा विमानं चालवली.

तुलना करायचीच असेल तर ती अशी करा, की आपल्याकडे जे बघायला मिळतं ते बहुतेक टेकून परत उडणं किंवा थोडा वेळ थांबणं असतं, आणि फिनलंडवाले तिथे तळ ठोकतात, इंधन भरतात, विमानं पाठोपाठ उतरवतात, वर्षानुवर्षं दर वर्षी. हा फरक खरा आहे आणि यावर आपल्या हवाई दलाला प्रश्न जरूर विचारा. पण तो फॉरवर्डमध्ये नाहीच.

शाहजहाँपूरच्या रात्रीचा व्हिडिओ माझ्याकडे आहे, ग्रुपवर टाकतो. फक्त काका, पुढे पाठवताना खाली काही लिहू नका.