ताई, भिंत फक्त वरून वाळलीय

ताई, पुरात भिजलेल्या भिंतींबद्दलच्या माझ्या पोस्टवरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की घरात कमरेइतकं पाणी होतं, लेकरं लहान, दिवाळी तोंडावर आणि मी म्हणायलोय प्लास्टर खरवडा, संक्रांतीपर्यंत रंग लावू नका, बसल्या जागी सांगायला काय जातंय. आणि पेंटरनं तर वॉटरप्रूफ प्रायमर मारून चार दिवसात भिंत चकाचक करून दिली. राग आला तर त्यात तुमचं काही चुकलं नाही, सप्टेंबरच्या पुरात सीना-मांजरा नद्यांच्या काठाला काय झालं ते मी पण बघितलंय.

पण नऊ इंची विटेची भिंत दोन-तीन दिवस पाण्यात उभी राहिली की पार आतपर्यंत पिते, आणि ते पाणी बाहेर यायला भिंतीच्या तोंडाशिवाय दुसरी वाट नसते, ढोबळ हिशोब इंचाला एक महिना असा धरतात, दोन्हीकडून वारं लागलं तर निम्म्यात भागतं. संक्रांत म्हणलो ते आपला हिवाळा कोरडा म्हणून, कमीच धरून. आणि तुमच्या पेंटरनं नेमकं ते तोंडच बंद केलं!

हे मी केलेलं आहे बरं का. 2016 ला, ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणलं त्याच वर्षीच्या पावसाळ्यात आमच्या घरात पाणी शिरलं (काय म्हणावं याला), दिवाळीला घाईनं प्लास्टिक पेंट मारला, होळीपर्यंत फुगे येऊन पापुद्रे पडले, खाली पांढरा खार फुटलेला, सगळं परत खरवडलं आणि पैसे दुसऱ्यांदा गेले.

खात्री करायचीय तर कपाटामागं प्रायमर न लागलेला भाग असंल तिथं दीड फूट प्लास्टिक चारी बाजूनं टेपनं चिकटवा, दुसऱ्या दिवशी बघा. भिंतीकडल्या बाजूला थेंब दिसले तर पाणी अजून आतच आहे.

आणि ते कूलर लावलंय म्हणालात, त्याचा पंप बंद करा आधी, नाहीतर भिंत वाळवायची सोडून खोलीत पाण्याची वाफ सोडायलाय तो.

दिवाळीला भिंत उघडी दिसू नये हे मान्य. मग प्रायमर खरवडून चुना मारा की! चुन्यातून वाफ निघून जाते, खर्च पण किरकोळ.

एका ठिकाणी मात्र तुम्ही मला बरोबर पकडलं. सासूबाईंच्या माळवदाच्या (वर मातीचं सपाट छत, भिंती दगड-मातीच्या) घराला माझा सल्ला लागू नाही, मी सगळ्या भिंती एकाच दावणीला बांधल्या. दगड-मातीची भिंत खरवडायची नाही, हॅलोजन लावून तापवायची नाही, वरून सिमेंट तर अजिबात नाही. आतली माती भिजून फुगली की दोन्हीकडचे दगड बाहेर सरकतात, भिंतीला पोट येतं, आणि अशी भिंत पाऊस उघडल्यावर लख्ख उन्हात पण बसते. पोट दिसलं तर सासूबाईंना आजच तुमच्याकडं झोपायला आणा.

तुमच्याकडं खालपासून पाण्याच्या खुणेच्या वर फूटभरापर्यंत, तेवढंच प्रायमर खरवडा, वरचं राहू द्या. आणि वायरमननं बोर्ड उघडून बघितल्याशिवाय त्या भिंतीवरचं बटण दाबू नका.